२^६७ − १ ही संख्या संयुक्त आहे हे कळतं, मग तिचे अवयव का कळत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या तुम्ही घेतलीत. एक्सेलमध्ये तिचे शेवटचे सहा अंक शून्य झाले. १००० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिलात, एकीनेही गेला नाही. मग पायथनमध्ये फर्माची कसोटी लिहिलीत, ती म्हणाली 'मूळ'. एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरने मात्र 'संयुक्त' असं सांगितलं आणि अवयव काही दिले नाहीत. यातलं खरं कोण? आणि अवयव हातात नसताना विभाजक किती, त्यांची बेरीज किती, हे काढता येतं का?

कॅल्क्युलेटर खरा आहे, संख्या संयुक्तच आहे. तुमच्या प्रोग्रॅमच्या आकडेमोडीतही चूक नाही. कसोटी नीट चालली, पण तिला दिलेला पाया, म्हणजे जिचे घात घेऊन कसोटी चालते ती संख्या, इथे कुचकामी होता. तो का, हे खाली येईलच.

मुळात तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. शाळेत ९१ = ७ × १३ लिहिलं की ९१ संयुक्त असल्याचं सिद्ध झालं आणि अवयवही मिळाले, त्यामुळे ही दोन्ही कामं एकच वाटतात. संख्या मोठी झाली की त्यांची फारकत होते. संख्या संयुक्त आहे का, हे हजारो अंकी संख्येबद्दलही साध्या लॅपटॉपवर सांगता येतं. अवयव काढणं हे वेगळं काम आहे, त्याच्या पद्धती वेगळ्या आणि खर्चही वेगळा. तुम्ही विचारलेले गुणधर्मही याच रेषेवर वाटले जातात: काही अवयवांशिवाय मिळतात, काही अवयव मिळेपर्यंत हाती लागतच नाहीत.

आधी आकड्यांचं बघू, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ सार्थ अंकच ठेवतं. तुमची संख्या २१ अंकी, म्हणून १४७५७३९५२५८९६७६ नंतर सहा शून्यं. ही वेगळीच संख्या झाली, तिला २ नेही भाग जातो आणि ५ नेही. सेल टेक्स्ट स्वरूपात ठेवलात तर अंक पूर्ण दिसतील, पण त्यावर गणित करता येणार नाही. पायथनमध्ये पूर्णांक हवे तेवढे मोठे चालतात. मात्र भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की उत्तर दशांश स्वरूपात जातं आणि तिथे ५३ बिटांचीच अचूकता असते. २^६७ च्या लगेच खाली या स्वरूपात लिहिता येणाऱ्या शेजारच्या दोन संख्यांमध्ये १६,३८४ चं अंतर असतं. त्यामुळे २^६७ − १ गोल होऊन थेट २^६७ बनते, म्हणजे विषम संख्येची सम होते. म्हणून भागाकाराला दोन तिरक्या रेघा, बाकीसाठी टक्केवारीचं चिन्ह आणि वर्गमुळासाठी पूर्णांकी वर्गमुळाचंच फंक्शन वापरा.

जावात करणार असाल तर आणखी एक गंमत. ६४ बिटांच्या लाँगमध्ये १ ला ६७ घरं डावीकडे सरकवायला सांगितलं की तो ६७ − ६४ = ३ घरंच सरकतो. उत्तर ८, त्यातून १ वजा केला की ७. आणि ७ मूळ आहे! सी वापरणारे १२८ बिटांच्या पूर्णांकावर विसंबतात, पण ६७ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार १३४ बिटांपर्यंत जाऊ शकतो, तोही त्यात मावत नाही. मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी घ्यावीच लागते.

आता १००० पर्यंतच्या त्या १६८ मूळ संख्या. ती सगळी मेहनत वाया जाणारच होती आणि हे भाग न देताही कळतं. समजा क ही मूळ संख्या २^६७ − १ ला भागते. मग २^६७ ला क ने भागल्यावर बाकी १ उरते. ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते तो घात ६७ चा विभाजक असतो. ६७ मूळ आहे, त्यामुळे तो १ किंवा ६७; तो १ असता तर २ − १ = १ ला क ने भाग गेला असता, ते शक्य नाही. म्हणून तो ६७ च. फर्माच्या सिद्धांतानुसार २^(क − १) ची बाकीही १ असते, म्हणून क − १ ला ६७ ने भाग जातो. क विषम असल्याने २ नेही जातो. म्हणजे प्रत्येक मूळ अवयव १३४म + १ याच रूपाचा (म हा पूर्णांक). शिवाय २^६८ म्हणजे २^३४ चा वर्ग, आणि त्याची बाकी २ येते. याचा अर्थ क च्या बाक्यांच्या जगात २ ही वर्गसंख्या ठरते, आणि तसं होण्यासाठी क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते. या दोन्ही अटी लावल्या की म ला ४ ने भागून बाकी ० किंवा १ आली पाहिजे.

या चाळणीतून उतरणारे पहिले उमेदवार लिहून बघा: १३५, ५३७, ६७१, १०७३, १२०७, १६०९. यातले पहिले पाच स्वतःच संयुक्त आहेत (५३७ = ३ × १७९, ६७१ = ११ × ६१, १०७३ = २९ × ३७, १२०७ = १७ × ७१). विचारात घ्यावी अशी पहिली मूळ संख्या १६०९. तिच्याखालच्या कुठल्याही मूळ संख्येने २^६७ − १ ला भाग जाणं शक्यच नाही. 'लहान अवयव सापडत नाही म्हणजे मूळ असावी' हा अंदाज या जातीच्या संख्यांबाबत म्हणूनच धोक्याचा आहे.

आता तुमची फर्माची कसोटी. न ही मूळ संख्या असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल, तर अ^(न − १) ला न ने भागल्यावर बाकी १ येते. बाकी १ आली नाही तर न नक्की संयुक्त, त्यावर वाद नाही. बाकी १ आली तर मात्र फक्त 'मूळ असू शकेल' इतकंच म्हणता येतं. तुमचा प्रोग्रॅम या दुसऱ्या फांदीवर थेट 'मूळ' छापतो. तिथला शब्द आधी बदला.

आणि पाया तुम्ही २ घेतलात. न = २^६७ − १ असताना २^६७ म्हणजे न + १, म्हणजे बाकी १. २ चे घात दर ६७ पावलांनी पुन्हा १ वर येतात. कसोटीतला घातांक आहे न − १ = २^६७ − २, आणि ६७ मूळ असल्यामुळे या घातांकाला ६७ ने भाग जातोच; हा फर्माचा सिद्धांतच. म्हणजे बाकी १ येणार हे आधीच ठरलेलं होतं, न मूळ असो वा नसो. मिलर–राबिन ही जास्त कडक कसोटी पाया २ वर लावली तरी तीच गत. तिथे न − १ मधून २ चे घात बाहेर काढतात; इथे न − १ = २ × (२^६६ − १), आणि कंसातल्या विषम भागालाही ६७ ने भाग जातो, त्यामुळे पहिल्याच पावलाला १ येऊन संख्या 'पास' होते. घातांक मूळ असेल तर २^घातांक − १ या घराण्यातली प्रत्येक संख्या पाया २ वर पास होते. या घराण्यावर पाया २ ची कसोटी काहीच सांगत नाही.

पाया ३ घेतलात की बाकी १ येत नाही आणि निकाल लागतो. किती पाये फसवे आहेत, हेही अवयव मिळाल्यावर अचूक मोजता येतं. प्रत्येक मूळ अवयव क साठी न − १ आणि क − १ यांचा मसावि काढायचा आणि ते मसावि एकमेकांशी गुणायचे. इथे दोन्ही मसावि १२०६ येतात, म्हणून फर्माच्या कसोटीला फसवणारे पाये १२०६ × १२०६ = १४,५४,४३६. सुमारे १०^१४ पायांमागे एक. यदृच्छेने पाया उचलला असतात तर फसण्याची शक्यता नगण्य होती. पण सगळ्यांना पहिला सुचणारा पाया २, आणि तोच त्या यादीत आहे. म्हणून सवय अशी ठेवा: पाये यदृच्छेने घ्या, निदान दहा-बारा घ्या, आणि संख्येच्या घडणीत जो आकडा आधीच बसलेला आहे तो टाळा.

कागदावर पडताळायचं असेल तर याच घराण्यातली धाकटी संख्या घ्या: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २^११ = २०४८, बाकी १. २०४६ = ११ × १८६. म्हणून २^२०४६ ची बाकी १, आणि २०४७ 'पास'. पाया ३ ला मात्र ३^२०४६ ची बाकी १०१३ येते, संख्या लगेच पकडली जाते.

या घराण्यासाठी याहून नेमकी, दोन्ही बाजूंनी पक्का निकाल देणारी कसोटी आहे: लुकास–लेमर. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक पावलाला वर्ग करा, २ वजा करा आणि न ने भागून बाकी ठेवा. घातांक ६७ असेल तर अशी ६५ पावलं. शेवटी ० आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त. मधली शक्यता नाही. २०४७ साठी नऊ पावलं: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवट ० नाही, म्हणून संयुक्त. ही यादी पुन्हा बघा: तिच्यात २३ किंवा ८९ चा मागमूसही नाही. तुमच्या कॅल्क्युलेटरने अवयव दिले नाहीत ते काही लपवून ठेवायचं म्हणून नाही. संख्या मूळ असती तर अमुक घडलं असतं, ते घडलं नाही, एवढाच तो पुरावा.

इतिहासातही हे असंच दोन टप्प्यांत घडलं. मेर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ च्या आपल्या यादीत ६७ हा घातांक मूळ संख्या देणारा म्हणून घातला. वरच्या कसोटीच्या नावातल्या लुकासने १८७६ मध्ये ती संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं, अवयव न देता. अवयव आले १९०३ मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांच्याकडून. त्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फळ्यावर एक शब्द न बोलता गुणाकार करून दाखवला ही गोष्ट सगळीकडे रंगवून सांगतात. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे 'संयुक्त' आणि 'अवयव' यांच्यामध्ये २७ वर्षं गेली.

ते अवयव असे: क = १९३७०७७२१ आणि ख = ७६१८३८२५७२८७. दोन्ही मूळ.

तुमच्या हातातल्या साधनांनी ते कसे काढायचे? इथे 'संख्या कशी आहे' यावर सगळं ठरतं: सर्वांत लहान अवयव केवढा, दोन अवयव एकमेकांपासून किती लांब, आणि अवयवातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या छोट्या-छोट्या मूळ संख्यांत फुटते का. यातलं काहीच आधी माहीत नसतं, म्हणून पद्धती स्वस्तापासून महागाकडे लावत जायच्या.

सरळ भाग देत गेलात, फक्त विषम संख्यांनी, तर क पर्यंत पोचायला सुमारे ९.६९ कोटी भागाकार लागतील. १३४म + १ आणि म ची ती अट लावलीत तर क येतो म = १४,४५,५८० ला, आणि तिथपर्यंतचे उमेदवार फक्त ७,२२,७९०. पायथनसारख्या संथ भाषेतही हे काम चहा यायच्या आत होतं. कागद-पेन्सिलीच्या काळात मात्र सव्वासात लाख भागाकार म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

वर्गांच्या वजाबाकीची पद्धत, म्हणजे न मध्ये कुठला वर्ग मिळवला की पूर्ण वर्ग होतो ते शोधायचं, फर्माच्या नावावर असली तरी आपल्याकडे चौदाव्या शतकात नारायण पंडितांनी ती दिलेली आहे. पद्धत सुंदर आहे, पण ती चालते अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा. इथे ख हा क च्या जवळजवळ चार हजार पट. न च्या वर्गमुळापासून, म्हणजे सुमारे १२१४.८ कोटींपासून, एकेक पाऊल टाकत दोन अवयवांच्या सरासरीपर्यंत, म्हणजे ३८१०१५९८२५०४ पर्यंत जावं लागेल. सुमारे ३६,८८७ कोटी पावलं. साध्या भागाकारापेक्षाही कितीतरी वाईट. या संख्येवर ती लावू नका.

पोलार्डची ऱ्हो पद्धत इथे उत्तम. तिची पावलं सर्वांत लहान अवयवाच्या वर्गमुळाच्या पटीत असतात आणि क चं वर्गमूळ आहे सुमारे १३,९१८. काही हजार ते काही दहा हजार पावलांत क बाहेर पडतो. वीस-पंचवीस अंकी संख्येसाठी मी पहिली हीच लावतो.

पोलार्डचीच दुसरी, 'अवयव वजा १' ही पद्धत शिकण्यासारखी आहे, कारण ती कुठे बिघडते हे याच संख्येवर स्वच्छ दिसतं. एक मर्यादा ठरवायची, तिच्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा लसावि हा घातांक म्हणून घ्यायचा, पाया त्या घाताला चढवून न ने भागत जायचं, शेवटी १ वजा करून न शी मसावि काढायचा. क − १ ला त्या लसाविने सामावून घेतलं की मसाविमध्ये क येतो. इथे

क − १ = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७
ख − १ = २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

मर्यादा ३००० ठेवलीत तर २६७७ आत येतो, ८५३९ बाहेर राहतो, मसावि १९३७०७७२१ येतो आणि काम झालं. मर्यादा २००० ठेवलीत तर दोन्ही निसटतात आणि मसावि १ येतो. 'जास्त म्हणजे चांगलं' म्हणून १०,००० ठेवलीत तर क आणि ख दोन्ही एकदम अडकतात आणि मसावि येतो खुद्द न. हे बघून लोक प्रोग्रॅम बिघडला असं समजतात. तो बिघडलेला नसतो. मसावि न आला तर मर्यादा कमी करायची, किंवा घात चढवताना मधूनमधून मसावि काढत जायचा. मसावि १ आला तर मर्यादा वाढवायची. आणि पाया? इथेही २ चालणार नाही. लसाविमध्ये ६७ शिरला की २ चा घात थेट १ होतो आणि मसावि न येतो, मर्यादा कितीही ठेवा. पाया ३ घ्या.

अवयव कुठूनही मिळोत, गुणाकार पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका, विशेषतः आकडे हाताने उतरवले असतील तर. नऊची कसोटी: क च्या अंकांची बेरीज ३७, ९ ने बाकी १, ख ची ६४, बाकी १, न ची १०९, बाकी १. जुळलं. पण दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले तर नऊला ते कळत नाही. म्हणून अकराचीही करा, उजवीकडून एकाआड एक अधिक-वजा करत. क ची बाकी ९, ख ची ८, गुणाकार ७२, बाकी ६; न ची १७, बाकी ६. दोन्ही जुळल्या म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण उतरवताना होणाऱ्या बहुतेक चुका इथे पकडल्या जातात. शेवटी संगणकावर पूर्ण गुणाकार.

आता गुणधर्म. अवयवांशिवाय आधीच मिळणारे असे: संख्या २१ अंकी, द्विमान पद्धतीत ओळीने ६७ एक, १ भागिले न द्विमानात लिहिलं तर ६७ अंकांचं आवर्तन, ६६ शून्यं आणि एक १, ४ ने भागून बाकी ३, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज कधीच होऊ शकत नाही, आणि ती संयुक्त आहे.

अवयव मिळाल्यावर: विभाजक चार, १, क, ख, न. सगळ्या विभाजकांची बेरीज (क + १)(ख + १) = १४७५७३९५३३५१७०८३७७९३६. स्वतः न सोडून बाकी विभाजकांची बेरीज १ + क + ख = ७६२०३१९६५००९, न च्या तुलनेत अगदी किरकोळ, म्हणजे संख्या न्यून आहे, परिपूर्णतेच्या जवळपासही नाही. न पेक्षा लहान आणि न शी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या, म्हणजे ऑयलरचं फाय, (क − १)(ख − १) = १४७५७३९५१८२७६४४४४७९२०. आणि असा सर्वांत लहान घातांक, की ज्याला सगळ्या सहमूळ संख्या चढवल्या की बाकी १ येते, तो क − १ आणि ख − १ यांचा लसावि: १२२३६६४६०८८५२७७३२०. फायला १२०६ ने भागलं की हाच येतो.

आता तुम्ही विचाराल की अवयव न काढता निदान फाय तरी मिळेल का. नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. दोन मूळ अवयव असलेल्या संख्येत क + ख = न + १ − फाय. बेरीज मिळाली, गुणाकार न आहेच, मग दहावीतलं वर्गसमीकरण सोडवलं की क आणि ख हातात. इथे क + ख = ७६२०३१९६५००८; त्याच्या वर्गातून ४न वजा करून वर्गमूळ घेतलं तर ख − क = ७६१६४४५४९५६६. म्हणजे फाय काढायची सोपी वाट असती तर ती अवयव काढायचीही सोपी वाट ठरली असती. विभाजकांच्या बेरजेचंही तसंच. आरएसए कूटलेखन याच अडचणीवर उभं आहे. त्यातली २५० अंकी आव्हान-संख्या (फोडून दाखवा म्हणून जाहीर केलेली) फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली, त्यासाठी साधारण २७०० कोअर-वर्षं, म्हणजे एकच प्रोसेसर-कोअर २७०० वर्षं चालावा, इतकं गणन लागलं. ६१७ अंकी आव्हान-संख्या अजून तशीच आहे. उलट, संख्या मूळ की संयुक्त हे ठरवणं किती सोपं, याची सैद्धांतिक बाजू २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी पक्की केली: कुठलीही यदृच्छा न वापरता, अंकसंख्येच्या बहुपदीइतक्या वेळात निकाल, म्हणजे अंक वाढले तरी वेळ त्यांच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढतो. रोजच्या कामात ती पद्धत कोणी चालवत नाही, कारण मिलर–राबिन आणि तिच्यासारख्या कसोट्या कितीतरी चपळ आहेत.

तुमच्या संख्येपेक्षा मोठ्यांवर जायचं असेल तर साधारण क्रम असा: पंचवीस-तीस अंकांपर्यंत ऱ्हो, त्यापुढे लहान अवयव असण्याची आशा असेल तर 'अवयव वजा १' आणि मग एलिप्टिक कर्व्ह पद्धत, दोन्ही अवयव सारख्याच आकाराचे असतील तर शंभर अंकांपर्यंत क्वाड्रॅटिक सीव्ह, त्याहून मोठ्यांना नंबर फील्ड सीव्ह. सीमारेषा काटेकोर नाहीत, प्रोग्रॅम आणि मशीन बदललं की सरकतात. पारी–जीपी हे गणिताचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि यातल्या बहुतेक पद्धती आपणहून आलटूनपालटून लावतं. शिकण्यासाठी ऱ्हो स्वतः लिहा, कामासाठी ते वापरा.

आणि याच घराण्यात अवयव न सापडलेली संख्या बघायची असेल तर २^१२७७ − १ घ्या. ३८५ अंकी. संयुक्त आहे हे पक्कं, पण तिचा एकही अवयव माहीत नाही. विभाजक चार की चारशे, सांगता येत नाही. एखाद्या मूळ अवयवाचा वर्ग तिला भागतो का, यावर मात्र थोडंफार बोलता येतं. घातांक मूळ असताना क च्या (इथे क म्हणजे कुठलीही मूळ संख्या) वर्गाने भाग जायचा असेल तर २^(क − १) − १ लाही क च्या वर्गाने भाग जावा लागतो. अशा मूळ संख्यांना वीफेरिख संख्या म्हणतात. त्या आजवर दोनच सापडल्या आहेत, १०९३ आणि ३५११. त्यांच्यासाठी २ चा घात पहिल्यांदा १ वर येतो तो ३६४ ला आणि १७५५ ला. दोन्ही घातांक संयुक्त, त्यामुळे या दोघींपैकी कुणीही या घराण्यातल्या मूळ घातांकाच्या कुठल्याच संख्येला भागू शकत नाही. २^१२७७ − १ मध्ये वर्ग दडलेला निघाला, तर त्याबरोबर तिसरी वीफेरिख संख्याही सापडेल.